जिन्याखालची गोणी

डोंबिवलीतली केमिकल कंपनी बंद पडली आणि बाबा घरी बसले, तेव्हा मी सातवीत होते. आई भाजी विकायला लागली. कल्याणच्या घाऊक बाजारातून माल उचलायचा आणि डोंबिवलीतल्या चार इमारतींचे जिने चढायचे. कांदे-बटाट्यांच्या ओझ्याने तिचे गुडघे गेले. मग एका वॉचमनला विचारून तिने जिन्याखाली कांदे-बटाट्यांची गोणी ठेवली. पालेभाजी तेवढी रोज आणायची. त्या भाजीवर मी इंजिनीअर झाले, घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते.

ठाण्याच्या कंपनीत मी प्रोबेशनवर होते. आमच्या सॉफ्टवेअरवर ब्राझीलमधली मुलं सराव परीक्षा द्यायची. सर्व्हर एकच, मुंबईत. तिकडे मुलाने उत्तर दाबलं की ते मुंबईला यायचं, तपासून परत जायचं, मग पुढचा प्रश्न उघडायचा. मुलं कंटाळायची. महिन्याभरात वेग वाढला नाही तर आम्ही हे सॉफ्टवेअर वापरणं बंद करतो, असं तिथल्या शाळांनी कळवलं. काम माझ्याकडे आलं. जमलं नाही तर नोकरी पक्की होणार नाही, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं.

मी प्रश्न, चित्रं, उत्तरं तपासायचा प्रोग्रॅम, सगळं ब्राझीलमधल्याच एका छोट्या सर्व्हरवर नेऊन ठेवलं. पानं झटकन उघडायला लागली. पण परीक्षेच्या वेळाही मी तिथेच ठेवलेल्या. मुंबईत वेळ बदलली, तिकडे जुनीच दिसत राहिली. एक अख्खा वर्ग तासभर ताटकळला.

"अगं, चुकीची वेळ लवकर दाखवायला ठेवलंय का तुला?" ऑफिसातली माझी सीनियर म्हणाली.

घरी आई पालक निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे सगळंच जिन्याखाली ठेवलंस? कोथिंबीरसुद्धा?"

"आई, हे तसं नसतं."

"बरं बाई. तू शिकलेली."

मी चिडून उठले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कागद घेऊन बसले, तर ते अगदी तसंच होतं. न बदलणारं सगळं तिकडेच राहू दिलं, उत्तरांची तपासणीही. वेळापत्रक मात्र दर वेळी मुंबईहून ताजं मागवायचं ठरवलं.

"नऊ दिवस उरलेत," सीनियर म्हणाली.

"पुरतील," मी म्हटलं.

आठव्या दिवशी शाळांनी चाचणी घेतली. उत्तर दाबलं की लगेच पुढचा प्रश्न येत होता. आम्ही मुद्दाम एक वेळ बदलली, तीही तिकडे लगेच बदललेली दिसली.

शाळांनी सॉफ्टवेअर सोडलं नाही. माझी नोकरी पक्की झाली.