कुमेकिची टोफूवाल्याची बातमी

जपानातल्या आमच्या कुरे बंदरात प्रत्येक लढाई दोनदा व्हायची. एकदा समुद्रात आणि दुसऱ्यांदा कुमेकिचीच्या टोफूच्या दुकानासमोर. गल्लीत रेडिओ त्याच्या एकट्याकडे. आरमाराचं संगीत वाजलं की हा ओले हात न पुसताच बाहेर यायचा आणि निवेदकाच्या वरताण ओरडायचा, "जिंकलो!" जणू शत्रूचं जहाज यानेच बुडवलं होतं. मी शेजारी छत्र्या दुरुस्त करायचो, त्यामुळे सगळे विजय पहिल्यांदा माझ्याच कानावर आदळायचे.

टोफू विकताना वाजवायचा पितळी भोंगा त्याने धातू गोळा करणाऱ्यांना मोठ्या थाटात देऊन टाकला होता. "याची तोफ होईल बघ, तात्सुगोरो!" असं मला म्हणाला. तेव्हापासून तो गल्लोगल्ली नुसत्या घशाने ओरडत फिरायचा. त्याची बायको शिगे म्हणायची, "अहो, भोंगा निदान दम लागला की थांबायचा तरी."

त्यांचा एकुलता एक मुलगा तामोत्सू विमानवाहू जहाजावर विमानं दुरुस्त करायचा. कोणत्या जहाजावर, ते आम्हाला ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. कुरेचा माणूस लहानपणापासून बंदराकडे पाठ करून चालायला शिकतो. आगगाडी बंदराशेजारून जाताना समुद्राकडच्या खिडक्या बंद करतात आणि आम्ही निमूटपणे डोंगर बघत बसतो. जहाजांबद्दल विचारायचं नाही, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं.

जून महिन्यात पुन्हा संगीत वाजलं. मिडवे बेटापाशी मोठा विजय! आपलं एक विमानवाहू जहाज गेलं, एकाला मार बसला, पण शत्रूचं कंबरडं मोडलं. कुमेकिचीने खुशीत तळलेला टोफू फुकट वाटला. समोरच्या नुईचा मुलगाही आरमारात होता. टोफू हातात घेऊन तिने हळूच विचारलं, "कुमे-सान, गेलं ते जहाज कुठलं हो?"

हा गल्लीच्या शेजारमंडळाचा प्रमुख. लगेच छाती काढून म्हणाला, "नुई-सान, जिंकल्यावर असलं विचारतात का? खा, गरम आहे तोवर!"

नुई खाली मान घालून घरात गेली. तिने तो टोफू खाल्ला की नाही, कोण जाणे.

थोड्याच दिवसांत टेकडीवरच्या आरमारी इस्पितळातून मागणी आली. रोज टबच्या टब टोफू हवा, पण मऊच. कुमेकिची मिशीतल्या मिशीत हसत गल्लीभर सांगत सुटला, "विजयाने भूक वाढते, राव!"

शिगे सोयाबीन निवडत होती. ती वरसुद्धा न बघता म्हणाली, "जिंकून आलेली तरणी पोरं मऊ टोफू खातात होय? तळलेला नसला तर आपला तामोत्सू ताटाला हात लावत नाही. हे चावता न येणाऱ्यांचं जेवण आहे, अहो."

कुमेकिचीने हातातला टब खाली ठेवला आणि टेकडीकडे बघितलं.

तामोत्सू त्या इस्पितळात आहे का, एवढंच त्या दोघांना हवं होतं. कुमेकिचीचे गुडघे दुखायचे, म्हणून चढावर गाडी ढकलायला मी रोज जायचो. फाटकावर बंदूकधारी पहारा. भरलेले टब आत घ्यायचे, रिकामे बाहेर ठेवायचे. वरच्या खिडक्यांना कागद चिकटवलेले. पुढे, सगळं संपल्यावर, आम्हाला कळलं की त्या एका लढाईत एक नव्हे, चार विमानवाहू जहाजं बुडाली होती आणि तिथून पुढे समुद्र आमचा राहिलाच नव्हता. वाचलेल्या पोरांना कोंडून ठेवलं होतं ते त्यांनी हे कोणाला सांगू नये म्हणून. तेव्हा मात्र कुमेकिची पहारेकऱ्यासमोर उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "आज हवा बरी आहे." कुठलं जहाज गेलं, असं विचारणाऱ्या नुईला यानेच गप्प केलं होतं. आता याची पाळी आली होती. मला आतून थोडं हसू यायचं आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

मग त्याने एक शक्कल काढली. विचारायला बंदी होती, ओरडायला कुठे होती? टब आत गेले की तो भिंतीला लागून गाडी फिरवायचा आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "टोफूऽऽ! मऊऽऽ टोफू!"

"म्हातारबा, माल घेतला की आम्ही. आता कोणाला विकताय?" पहारेकरी वैतागायचा.

"सवय हो साहेब, जीभ ऐकत नाही."

असं कित्येक सकाळी चाललं. एके दिवशी ओरडून तो श्वास घेतोय, तोच वरच्या एका खिडकीतून उत्तर आलं, "बापाच्या टकलाइतका गुळगुळीत!"

माझ्या हातून गाडीचा दांडा सुटला. ही ओळ तामोत्सूची. लहानपणी गाडीमागून चालताना तो बापाच्या आरोळीला ती जोडायचा, गिऱ्हाइकं हसायची आणि तो टपली खायचा. पण आवाज तामोत्सूचा नव्हता. पार उत्तरेकडचा हेल होता त्यात. आत कोणीतरी खेकसलं आणि खिडकी बंद झाली.

मी म्हणालो, "कुमे-सान, जहाजावर सांगितलं असेल त्याने मित्रांना. म्हणजे तो..."

"तात्सुगोरो," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "माझा तामोत्सू आत असता, तर माझ्या टकलावरची ओळ त्याने दुसऱ्याला ओरडू दिली असती का?"

उतारावर मी गाडी मागे ओढून धरली होती. त्याने मागे वळून पाहिलंच नाही.

शिगे दारातच उभी होती. त्याला बघून नुईही बाहेर आली. मला वाटलं, आता हा रेडिओसारखं काहीतरी ठोकून देणार, आणि खरं सांगतो, त्याने तसं करावं असंच मला वाटत होतं. पण त्याने डोक्याचा पंचा सोडला, तो माफी मागत नुईपुढे वाकला आणि मग बायकोला म्हणाला, "हरलो गं, शिगे. ओळ आपल्या पोराची होती, आवाज दुसऱ्याचा."

शिगे उंबऱ्यावर बसली. तिने बाहीच्या टोकाने डोळे पुसले. मग रडतरडतच म्हणाली, "उद्या त्या पोराचं नाव विचारून या. त्याच्या आईलाही कोणी काही सांगितलं नसेल."