कस्तुराच्या गोळ्या

हे मी नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलले नाही. तो जाईपर्यंत नाही. आज तुमच्याजवळ बोलते आहे — का, ते माझं मलाच कळत नाही.

मंद्रूपला आम्ही दोघी जावा एका घरात. मी थोरली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. धाकटी कस्तुरा आली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले. सासूबाई तिच्यासाठी रोज दूध बाजूला काढायला लागल्या. माझ्यासाठी कधी कुणी काढलं होतं? तो पेला तिच्या हातात दिसला, की माझा जीव जळायचा. मत्सरच तो — दुसरं काय म्हणू?

त्या साली गावात घरोघरी हिवताप होता. नर्सबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, गरोदरपणी हा ताप आईला वाईट आणि बाळालाही, तो येऊच नये म्हणून हिला दर आठवड्याला गोळ्या द्यायच्या. घरात वाचता येणारी मीच, म्हणून गोळ्या माझ्याकडे दिल्या.

पहिल्याच खेपेला कस्तुराला मळमळलं. माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का, लई कडू हाय. घिऊ का नको?"

एवढंच विचारलं तिनं. आणि मी —

"नको घिऊ," म्हणाले. "गरम पडती. पोराला सोसायची न्हाय."

खोटं होतं ते. नर्सबाई यायच्या, विचारायच्या; कस्तुरा घरामागं परड्यात असायची, मीच सांगायची, घेते की. गोळ्या उकिरड्यावर जात होत्या. मूल जावं, असं वाटत होतं का मला? नाही... की होय? तिचं सुख जरा उणं व्हावं, एवढं नक्की वाटत होतं.

सातव्या महिन्यात तिला हुडहुडी भरली. तीन वाकळा घातल्या, तरी थरथरत होती. एसटीनं सोलापूरला नेलं. मुलगी झाली — ओंजळीएवढी. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? कस्तुरानं माझ्याकडे बघितलं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"मीच घेतल्या न्हाईत," ती म्हणाली. "कडू लागत हुत्या."

तिला वाटलं, अक्का औषधपाण्यात अडाणी, मायेपोटी चुकली. त्यावरून सासूबाई तिला कित्येक वर्षं बोलत राहिल्या. मी तिथंच चुलीपुढं भाकरी थापत असायची, ऐकत असायची.

अडाणी नव्हते मी. मला माहीत होतं.