हात एकाचा, डोकं दुसऱ्याचं

धाकटे,

पत्र तुला आहे, पण वाचणार आहेत परके लोक. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे. त्यावर "कशाला हे, वहिनी, पुढे चला" असं म्हणायचं नाही. जन्मभर सगळ्यांना पुढे चला म्हणत आलीस. आज जरा बस.

तू माझी धाकटी जाऊ, प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाची बाई. आपण एकाच घरात राहायचो, मी खाली, तू वर, आणि तुझ्या चपला माझ्या डोक्यावर. सकाळी गॅस पेटवायला आलीस, दूध तसंच ठेवून दोरीवरचे कपडे काढायला गेलीस, कपडे अर्धे काढून कुणाला तरी फोन लावलास, हे सगळं मला खाली बसून नुसत्या आवाजावरून कळायचं. भाऊजी म्हणायचे, "हिच्याशी लग्न केलं तेव्हा ही स्टुलावर बसली होती. त्यानंतर बसलेली पाहिली नाही." तू त्यांचंही अर्धंच ऐकून निघून जायचीस.

तुमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या बायांनी त्यांच्यावर कव्हरं घातली आणि खोलीला कुलूप लावलं. तू किल्ली मागून घेतलीस. मुलांच्या खेळांच्या वेबसाइट धुंडाळत बसायचीस, म्हणजे उभी राहायचीस, एका हाताने माउस आणि दुसऱ्याने फोडणी. शेवटी तुला एक सापडली. नदीत दगड, दगडांवर आकडे, काठावर बेडूक. वर गणित येतं, बरोबर उत्तराच्या दगडावर क्लिक केलं की बेडूक उडी मारतो आणि एक तारा मिळतो. उशीर केला तर दगड बुडतो, बेडूकही. पोरं वेडी झाली. गणिताचा तास म्हटलं की पोटात दुखणारी पोरंसुद्धा दारात रांग लावून उभी.

मशीन कमी, पोरं जास्त. एका मशीनपुढे दोघं बसवावी लागायची. पहिल्याच आठवड्यात माउसवरून ओरबाडाओरबाडी झाली, तेव्हा तू तुझा तो प्रसिद्ध नियम काढलास: हात एकाचा, डोकं दुसऱ्याचं. उजव्या खुर्चीवर बसेल तो हात. त्याने फक्त माउस चालवायचा, उत्तर सांगायचं नाही. डाव्या खुर्चीवरचा तो डोकं. त्याने उत्तर सांगायचं, माउसला बोट लावायचं नाही. अर्धा तास झाला की खुर्च्या बदलायच्या. त्यासाठी माझ्या स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर, तो टोमॅटोच्या आकाराचा, तू न विचारता उचलून नेलास. मी विचारलं तर म्हणालीस, "वहिनी, तुमचा भात काही त्याच्यामुळे शिजत नाही."

नियम सुरेख होता, मी आजही म्हणेन. ज्याला बोलायचा कंटाळा त्याला बोलावं लागलं आणि ज्याचे हात शिवशिवतात त्याला ऐकावं लागलं. भांडणं थांबली. जोड्या पक्क्या करून टाकल्यास, म्हणजे रोजची निवडानिवड नको.

त्यातली एक जोडी या गोष्टीतली. मुलगी तू जिला पुटपुटी म्हणायचीस, कारण तिचा आवाज शेजारच्या बाकापलीकडे कधी गेलाच नाही. आणि मुलगा भोवरा. नावातच सगळं आलं. तू त्याच्यावर जीव टाकायचीस. टाकणारच, तुझीच छोटी प्रत.

आता भानगड. त्या वेबसाइटला प्रत्येक मुलाचं नाव दिलेलं होतं. खेळायला बसलं की माउस हातात असलेल्याने आपलं नाव उघडायचं. महिनाभराने वेबसाइट आपणहून तक्ता देते, कुणाची गणितं किती बरोबर. हिरवी पट्टी म्हणजे छान, पिवळी म्हणजे बरं, लाल म्हणजे कच्चं. तू तो रंगीत तक्ता छापून तुमच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, टेबलावर ठेवलास. त्या खूश. पेपर तपासायला नकोत, पालकांशी हुज्जत नको. त्यांनी लगेच ठरवलं की लाल पट्टीवाली मुलं मागच्या इमारतीत जातील. तिथे कच्च्या मुलांचा वेगळा वर्ग भरायचा. तिथून मूल परत पुढच्या इमारतीत आलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. लाल पट्टीत पुटपुटी होती. भोवरा हिरवा, लखलखीत. पालकांना चिठ्ठ्या गेल्या. पुटपुटीची आई "बाई म्हणतात तर असेल," एवढंच म्हणून मुलीचा हात धरून गेली, हे तूच मला जिन्यात सांगितलंस, आणि सांगताना कठड्यावर बोटं आपटत होतीस. तुला ते पटलं नव्हतं. पण मशीनच सांगतंय म्हटल्यावर वाद कुणाशी घालणार.

त्या रविवारी मी वर आले ती तुझा डबा परत द्यायला. टेबलावर मटारचा ढीग आणि त्याच्या मध्ये लॅपटॉप. तू म्हणालीस, "बसा वहिनी, आमचा बेडूक बघा. तुम्ही डोकं, मी हात."

मी बसले. पहिली दोन गणितं माझी बेडकाकडे बघण्यात गेली, पण नंतर मात्र मी जोरात निघाले. तू दाबत होतीस, बेडूक उड्या मारत होता, तारे पडत होते. भाऊजी पेपरमागून म्हणाले, "दोन शिकलेल्या बायका आणि एक बेडूक." खेळ संपला. पडद्यावर मोठ्या अक्षरात तुझं नाव आणि त्याखाली सगळे तारे.

"हे काय," मी म्हटलं. "उत्तरं मी दिली आणि तारे तुला?"

"वहिनी, तारे काय खायचेत का?"

"खायचे नसतील. पण माझे आहेत. माझी अक्कल तुझ्या नावावर का?"

"माउस ज्याच्या हातात त्याचं नाव असतं. पोरांचंही तसंच..."

आणि तू थांबलीस. तू वाक्याच्या मध्ये थांबलीस हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग इतक्या झटक्यात उठलीस की मटार सगळ्या फरशीवर गेले.

"वहिनी, अख्खा वर्ग उलटा आहे."

मला समजायला क्षणभर लागला. भोवऱ्याच्या हातात माउस असायचा तेव्हा उत्तरं पुटपुटीची आणि नाव भोवऱ्याचं. खुर्च्या बदलल्या की माउस पुटपुटीकडे, नाव तिचं, आणि उत्तरं भोवऱ्याची. जोड्या पक्क्या. प्रत्येकाच्या नावापुढे शेजाऱ्याची अक्कल.

"मग उलटं करून टाक," मी म्हटलं. "याचं त्याला, त्याचं याला. बेडकाला काय फरक पडतो."

"बेडकाला नाही पडत. पुटपुटी हिरवी होते ते बरंच आहे." तू मटार गोळा करत होतीस आणि गोळा केलेले पुन्हा सांडत होतीस. "पण मग भोवरा लाल होतो."

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "कुणाला न सांगता गप्प बसलीस तर?"

तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की त्यांनी पेपर परत वर घेतला.

सोमवारी तू मोठ्या बाईंकडे गेलीस. तिथलं बोलणं तू मला इतक्या वेळा करून दाखवलंस, दोघींच्या आवाजात, की मी तिथे होते असंच मला वाटतं.

"म्हणजे मशीन खोटं बोललं?"

"मशीन खरंच बोललं. मी त्याला माणसं चुकीची सांगितली."

"चिठ्ठ्या गेल्यात, बाई. उद्या पालक मला विचारतील, तुमच्याकडे हुशार कोण आणि कच्चं कोण हे सोमवारी एक आणि मंगळवारी एक का."

"विचारू दे. मी उत्तर देईन."

"तुम्ही नका देऊ. शनिवारी माझ्यासमोर एकेका मुलाला एकटं बसवा. दिसेल ते खरं. दोन्ही बाजूंनी खरं, हे लक्षात ठेवा."

शनिवारी मी तुझ्याबरोबर आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझे तारे गेल्याचा राग होता, आणि घरी बसून तुझी वाट पाहणं मला जमलं नसतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत कोंदट वास होता, कव्हरांच्या प्लास्टिकचा. एक मशीन चालू. मोठ्या बाई खिडकीशी. पुटपुटी आली. तिची पहिली पाळी नेहमी डोक्याची, त्या सवयीने डाव्या खुर्चीवर बसली. माउस उजव्या खुर्चीपुढे, आणि उजवी खुर्ची रिकामी. खेळ सुरू झाला. गणित आलं. पोरीने रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली आणि ओठ हलवले. मी मागेच बसले होते, मला ऐकू आलं. "चौदा." चौदाचा दगड बुडाला. पुढचं गणित. "नऊ." तोही बुडाला. प्रत्येक उत्तर बरोबर, आणि प्रत्येक वेळी बेडूक पाण्यात.

"लाल," मोठ्या बाई म्हणाल्या.

तू एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतीस. पुढे झालीस, माउस धरायला हात गेलाच.

"बाई, तुम्ही दाबायचं नाही."

तुझा हात तिथेच राहिला. मग तू सेटिंगमध्ये जाऊन खेळाचं घड्याळ बंद केलंस. तशी सोय होती, पण घड्याळाशिवाय खेळ कसला, म्हणून तू ती कधी वापरली नव्हतीस. आता दगड बुडणार नव्हते. पुटपुटीला उचलून उजव्या खुर्चीवर बसवलंस, स्वतः डावीकडे बसलीस आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातलेस.

"आज मी डोकं," तू तिला म्हणालीस. "पण मला एकही गणित येत नाही. तूच बघ बाई काय ते."

पोर तुझ्याकडे बघत राहिली. पडद्यावर गणित तसंच. बेडूक काठावर गळा फुगवतोय. बाहेर कुणीतरी बादली फरफटत नेली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. तुझा पाय असा हलत होता की टेबल थरथरायला लागलं. मी हात लांब करून तुझा गुडघा घट्ट दाबून धरला. तू माझ्यावर चिडलीस, मला कळलं, पण पाय थांबला.

पुटपुटीने माउस धरला, तोही दोन्ही हातांनी. बाण थरथरत दगडावर गेला. टिक. बेडूक पलीकडे. मग पुढचं. मग तिने एक हात काढून घेतला. शेवटाला बेडूक पैलतीरावर होता आणि पोरगी तुला हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला खरंच येत नाहीत?"

ती वाचली. मग भोवरा आला. धावत आला, उजवी खुर्ची पकडली, आणि मशीन सुरू व्हायच्या आत माउस फिरवायला लागला. दिसेल त्या दगडावर क्लिक. बेडूक पाण्यात, पुन्हा पाण्यात. घड्याळ बंद होतं तरी काही उपयोग नव्हता, त्याचं स्वतःचं घड्याळ कोण बंद करणार. मध्येच थांबून त्याने डावीकडे पाहिलं आणि विचारलं, "पुटपुटी कुठे आहे?"

त्याच्यासाठी तू खूप भांडलीस. मी घेईन त्याला शाळा सुटल्यावर, वर्षभर घेईन, म्हणालीस. मोठ्या बाईंनी ठरलेलाच शब्द परत काढला. "दिसेल ते खरं ठरलं होतं ना." भोवऱ्याचे वडील, ट्रकवर ड्रायव्हर होते, फाटकात तुला अडवून म्हणाले, "काल पोराला शाबासकी, आज मागची इमारत. काल खोटं बोललात की आज?"

"काल," तू म्हणालीस. बाकी काही सारवासारव नाही. त्यांनी नंतर कधी तुला नमस्कार केला नाही.

तू मधल्या सुट्टीत मागच्या इमारतीत जायला लागलीस. डबा हातात, टायमर पिशवीत. तिथे मशीन नव्हती. तू खडूने फरशीवर दगड काढलेस, त्यांत आकडे लिहिलेस. भोवरा बेडूक. बरोबर उडी मारली की तू टायमर वाजवायचीस. चुकला की नाही. मग एकदा त्याने तुझ्या पिशवीतून तो काढला आणि किल्ली उलटीकडे फिरवत गेला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

"बाई, हा आता वाजत नाही."

"मी नीट करून आणते. तू पुढच्या इमारतीत परत आलास की वर्गाच्या दारात वाजवू."

आणि तो आला. पुढच्या वर्षी, तूही वर्गाबरोबर तिसरीवर गेली होतीस तेव्हा, कुणी परत येत नाही त्या इमारतीतून तो परत आला. दारात उभा राहिला, आत येईना. "बाई, वाजवा."

तू तोंडाने ट्रिंग केलंस. वर्ग हसला. तोही हसला, पण जागचा हलला नाही. "खरा वाजवा."

"उद्या," तू म्हणालीस. तेव्हा तो आत आला.

आपण दोघींनी मिळून तो टायमर दुरुस्तीला न्यायचं ठरलं होतं. घड्याळवाला चौकातच होता, मी ओळखीची, म्हणून मी हवी होते. मी चपला घालून खाली कितीदा उभी राहिले ते आता विसरले. तू जिना उतरायचीस ती गळ्यात वायरी घालून, "वहिनी, आज नाही, आज दुसऱ्या शाळेत जायचंय बायांना शिकवायला." आता तर तू गावोगाव जातेस, बायांना बेडूक शिकवतेस. आणि सगळ्यांत आधी सांगतेस, नाव डोक्याचं लिहा, हाताचं नाही. तुझ्याकडून मला एवढंच कळतं, तेही फोनवर, अर्ध्या वाक्यात.

परवा भोवरा भेटला, बाजारात, हातात पिशव्या. उंच झालाय. ओठांवर मिशी फुटायला लागलीय. मला ओळखून थांबला. थांबला, म्हणजे खरंच उभा राहिला.

"काकू, बाईंनी ते घड्याळ आणलं का नीट करून?"

मी म्हटलं, "आणणार आहेत." दुसरं काय म्हणणार. घड्याळवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुसरा शोधावा लागेल. टायमर माझ्याकडेच राहिला, पर्समध्ये आहे, चालताना आत खुळखुळतो. तू येशील तेव्हा मी खाली चपला घालून उभी असेन.