चिमटेवाल्या किड्यांची बदली

“आधी माझ्या कानात बघा,” असोसिएशनचे प्रेसिडेंट राव गारू म्हणाले. गारू म्हणजे तेलुगूतलं ‘साहेब’ किंवा ‘बाई’.

मी पेस्ट कंट्रोलवाली आहे, कानाची डॉक्टर नाही. पण क्लायंट म्हणतो तर बघावं लागतं. मोबाइलचा टॉर्च लावला. आत केस होते. भरपूर. किडा नव्हता.

“नीट बघा मॅडम. पालकाच्या जुडीतून निघाला आणि थेट माझ्या खांद्यावर आला. तेव्हापासून आत वळवळतंय.”

ही सिकंदराबादची एक अपार्टमेंट सोसायटी. मागच्या मोकळ्या जागेत रहिवाशांनी भाजीची बाग केली होती. राव गारू रेल्वेतून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, आणि त्या जागेवर त्यांना बॅडमिंटन कोर्ट हवं होतं. रविवारच्या मीटिंगचा पहिला विषय त्यांनी ठरवून टाकला होता : ‘बागेतले विषारी कनखजुरे’. मी सगळीकडे औषध मारायचं, बाग ठेवण्यालायक नाही असं लिहून द्यायचं, मग ते सिमेंट ओतणार. आमचं सगळं बोलणं दख्खनी-तेलुगू-इंग्रजी खिचडीत चाललं होतं. इथे बरंचसं मराठीत सांगते.

“हाच तो गुन्हेगार.” त्यांनी लोणच्याची बरणी पुढे केली.

कनखजुरा म्हणजे आपली गोम. गोमेचे पाय मोजत बसू नये. याला सहाच होते. अंगाने लांबट, काळपट, आणि शेपटीला चिमटा. इंग्रजीत इयरविग. मराठीत मी त्याला चिमटेवाला म्हणते. इंग्रजी नावात कान आहे, कारण हा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी जुन्या गोऱ्या साहेबांची समजूत होती. खरं तर त्याला अंधार लागतो, ओल लागते आणि कोवळी पानं लागतात. राव गारूंच्या कानात यातलं फक्त पहिलं होतं.

तेवढ्यात नसीम आपा आल्या. शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. बागेचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

“जहर नक्को बोले तो नक्को!” त्या लांबूनच ओरडल्या. “बच्चे तोड तोड के टमाटे खाते यहाँ.”

“मग तुमचे किडे तुमच्या फ्लॅटमध्ये न्या,” राव गारू म्हणाले.

“मेरे किडे? पहले अपना कान धो लो साब!”

दोघांना भांडत ठेवून मी वाफ्यांकडे गेले. मेथीची कोवळी रोपं शेंड्यापासून कुरतडलेली. पालकाची चाळण झालेली. जमिनीवर नारळाच्या काथ्याचा जाड थर होता. याला आच्छादन म्हणतात. माती लवकर सुकू नये म्हणून घालतात. आपांनी तो पार रोपांच्या देठापर्यंत घातला होता आणि रोज संध्याकाळी त्यावर पाइपने पाणी मारत होत्या. मी थोडा काथ्या उचलला. खाली चिमटेवाल्यांची पळापळ झाली. वर ओली गादी, समोर ताजी मेथी. मी किडा असते तर मीही तिथेच फ्लॅट घेतला असता.

पलीकडे मांडवावर वालाचा वेल होता. शेंड्यांना काळा मावा चिकटलेला. मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. आणि चिमटेवाला मेथी खातो तसा मावाही खातो. मला एक कल्पना सुचली. बॉसला फोन लावला.

“स्प्रे मार, फोटो काढ, निघ,” प्रसाद सर म्हणाले.

“सर, मुलं इथलं न धुता खातात. फवारल्यावर काही दिवस तोडायचं नाही, हे पोरांना कोण सांगणार?”

“मग रविवारी काय दाखवणार?”

“किडे कमी झालेले.”

“आणि नाही झाले तर?”

“तर मला दुसऱ्या साइटवर पाठवा.”

“दुसरी साइट ड्रेनेजची आहे, कुलकर्णी.”

मी फोन ठेवला आणि आपांकडे वळले. म्हटलं, काथ्या देठापासून मागे ओढा आणि पाणी सकाळी घाला. संध्याकाळपर्यंत वरची माती कोरडी हवी.

“केमिस्ट्री की टीचर को पानी सिखारे क्या तुम?”

“हौ, आपा.”

आपांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतले सगळे नापास पेपर आठवले. मग त्यांनी मुकाट्याने खुरपं उचललं.

सापळा अगदी साधा. वर्तमानपत्राची सुरळी करायची, जरा ओली करायची आणि संध्याकाळी वाफ्यात ठेवायची. रात्रभर चरून झालं की हे प्राणी पहाटे तिच्यात लपतात. सकाळी सुरळी बादलीत झटकायची. पेपर कुठलाही चालतो. आम्ही आपांचा उर्दू आणि वॉचमनकडच्या रद्दीतला तेलुगू वापरला. किड्यांनी भाषावाद केला नाही.

बादलीत एरवी साबणाचं पाणी असतं, म्हणजे विषय संपतो. माझी बादली कोरडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वालाच्या मांडवाखाली नेली, किड्यांना दिवसा लपायला वेलाच्या बुंध्याशी पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या बांधल्या आणि सगळी मंडळी त्यांच्याजवळ ओतली.

“मॅडम!”

राव गारू मॉर्निंग वॉकला निघालेले. हातात मोबाइल, आणि मोबाइलचा कॅमेरा चालू.

“पेस्ट कंट्रोलवाली बाई किडे सोडतेय!”

“सोडत नाही सर. बदली करतेय. रेल्वेत एखादा माणूस त्रास देत असेल तर काय करायचात?”

“चार्जशीट.”

“आणि त्याने काही झालं नाही तर?”

“ट्रान्सफर.”

“तेच. तिकडे मावा आहे. खाऊ दे.”

पटल्यासारखे दिसले. पण नाश्त्याच्या आत व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पडला, तिथून प्रसाद सरांकडे गेला. सरांचा फोन आला, एका वाक्याचा. “ड्रेनेजला जायचे बूट स्वतःचे आण.”

खरं सांगते, घाबरले. चिमटेवाले काही माझ्या पगारावर नव्हते. त्यांनी मावा न खाता परत मेथीची वाट धरली असती, तर माझ्या कीटकशास्त्राच्या डिग्रीचा काही उपयोग नव्हता. मी रोज सकाळी कामाच्या आधी काचीगुड्याहून स्कूटी हाणत तिकडे जायचे, सुरळ्या झटकायचे, वालाचे शेंडे उलटून बघायचे. आधी काहीच फरक दिसेना. मग शेंडे मोकळे व्हायला लागले. तिकडे मेथीला कोरड्या मातीत न कुरतडलेली पानं फुटली.

रविवारी व्हिडिओच्या कृपेने सगळी सोसायटी बागेतच जमली. एवढे लोक मीटिंगला कधी येत नाहीत म्हणे. राव गारूंनी भाषण सुरू केलं. विषारी कीड, बेजबाबदार कंपनी, तरुणांना खेळाची गरज. मी वालाचे दोन शेंडे तोडून लोकांमध्ये फिरवले. एक पुठ्ठे बांधलेल्या वेलाचा, जवळजवळ स्वच्छ. दुसरा टोकाच्या, पुठ्ठा न बांधलेल्या वेलाचा, माव्याने काळा.

लोकांनी शेंडे बघितले आणि पुढच्याच्या हातात दिले. प्रेसिडेंटशी वैर कोण घेणार?

मागून राव गारूंच्या मिसेस, ललिता गारू, पुढे आल्या. त्यांनी शेंडा बघितला नाही, मला बघितलं नाही. सरळ मांडवाखाली गेल्या आणि पदरात शेंगा तोडायला लागल्या.

“ललिता, मीटिंग चालू आहे.”

“चालू द्या. मला स्वयंपाक आहे.” शेंगा तोडता तोडताच त्या म्हणाल्या, “आणि ते कोर्ट वद्दू, नकोच. खेळणार कोण? तुमचे गुडघे?”

हशा इतका मोठा झाला की मतदान घ्यायची गरज पडली नाही. आपा सगळ्यात जास्त हसल्या, आणि मग राव गारूंना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

बाग राहिली. चिमटेवालेही राहिले. ते पूर्ण जात नाहीत आणि जाऊही नयेत. प्रसाद सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला ड्रेनेजच्या साइटवर पाठवलंच, कारण तिथे दुसरं कोणी जायला तयार नव्हतं.

आता कुठल्याही साइटवर मी किडा शेवटी बघते. आधी विचारते, पाणी कोण घालतं, आणि या जागेवर डोळा कोणाचा आहे. एवढं कळलं की किड्याचं काम फार उरत नाही.