सासूबाई, मी आणि माझा पिंग

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा 'मेला' म्हटलं, तेव्हा मी खरोखरच मेलो होतो. खेळात.

सासूबाई पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. मूर्तींचे डोळे आखायचं काम. आयुष्यभर तेच केल्यामुळे साठीतही त्यांचं बोट तसूभर हलत नाही, आणि हे कसब मोबाईलवर गोळ्या घालायलाही चालतं असा शोध त्यांना चहाच्या सुट्टीत लागला. कारखान्यातल्या रंगकाम करणाऱ्या दोन बायका आणि त्या अशा तिघी झाल्या. खेळाला चार माणसं लागतात. चौथा म्हणून मला घेतलं. जावयाला दिवाळीला कपडे देतात, आमच्याकडे बंदूक दिली.

मी राहतो अष्टमीत आणि रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. पहिली शिफ्ट संपवून साडेतीनला घरी येतो. चारला त्यांची चहाची सुट्टी. कानात हेडफोन घालून चौघं मैदानात उतरायचो, आणि पाचव्या मिनिटाला माझा माणूस जागच्या जागी थिजायचा. मग एकदम पळत सुटायचा तो थेट भिंतीवर. तिथेच त्याला कोणीतरी निवांत मारायचं.

"जावईबापू, भिंतीत काय शोधताय?"

"आई, नेट अडकतंय."

"आमचं नाय अडकत ते? पेणला काय वेगळी वीज हाय?"

मागून दोघींचं हसू ऐकू यायचं. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "मेलात का?"

मी केबलवाल्याला बोलावलं. तो शिडी घेऊन आला, मोबाईलवर स्पीड मोजला आणि माझ्या नाकासमोर धरला. "फुल्ल हाय दादा. तुमचा मोबाईल म्हातारा झालाय." मी चिडलो. त्याची वायर आंब्यावरून, गटारावरून आणि दोन घरांच्या पत्र्यांवरून कशी लोंबत येते, याचं यथेच्छ वर्णन केलं. तो शिडी उचलून गेला. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याने उचललाच नाही.

मग घरात दिसेल त्या वस्तूवर मी संशय घेतला. राऊटर टीव्हीमागे, स्टीलच्या डब्यांच्या आडोशाला होता. तो उचलून कपाटावर ठेवला. बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवा, म्हणजे रोज पूजाही होईल." फरक शून्य.

शेवटी ठरवलं, कंपनीत सॅम्पल तपासतो तसं हे तपासायचं. एक वही केली. खेळाला स्पीडपेक्षा पिंग महत्त्वाचा, हे मला तेव्हा कळलं. आपण बोट दाबल्यापासून तिकडून उत्तर येईपर्यंत जो वेळ जातो, तो पिंग. लॅपटॉपला थेट वायर लावली. आधी लॅपटॉप ते राऊटर मोजलं: उत्तर चुटकीसरशी. म्हणजे राऊटर निर्दोष. मग बाहेरच्या सर्व्हरपर्यंत मोजलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी उत्तम. दुपारी चारला आकडा वीसपट. आणि मधल्या एका पावसाच्या दिवशी चारलाही उत्तम! पावसात नेट बिघडतं असं अख्खा तालुका म्हणतो, माझं सुधारत होतं. वहीत मी लिहिलं, 'हवामानाचा परिणाम?' लॅबमधल्या सहकाऱ्याने ते वाचलं आणि डबा खाताना त्याला ठसका लागला.

एकच मार्ग उरला. राऊटरला जोडलेली एकेक वस्तू बंद करत जायची. दुपारी चारला सुरुवात केली. टीव्ही बंद, पिंग तसाच. बायकोचा मोबाईल बंद, पिंग तसाच, बायको मात्र बिघडली. राऊटरच्या यादीत मात्र अजून एक नाव दिसत होतं, अक्षरं आणि आकड्यांची नुसती भेळ. शेजाऱ्याने पासवर्ड चोरलाय, याबद्दल माझी खात्री झाली. चप्पल घालून मी निघालोच होतो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. आज मैदानात का नाही, म्हणून. मी तावातावाने सांगितलं.

"अहो, आधी घरातले मोजा, मग शेजारी जा," त्या म्हणाल्या. "आमची पण एकदा कुंडी चोरीला गेली म्हणून बोंब मारली होती. मीच गच्चीत नेऊन ठेवलेली."

मी चप्पल काढली आणि मोजलं. मागच्या परड्यात शेवग्याच्या शेंगा कोण नेतं ते पाहायला मी स्वतःच्या हाताने एक कॅमेरा लावला होता. लावला आणि विसरलो. काही हललं की तो चित्रीकरण करून नेटवरून वर कुठेतरी पाठवायचा. त्याची वायर उपटली. पिंग धाडकन खाली.

त्याने काय पाठवलंय ते उघडून बघितलं. चोर एकही नाही. वाळत घातलेली माझी चट्ट्यापट्ट्यांची लुंगी! दुपारी खाडीवरचं वारं सुटलं की ती फडफडायची आणि कॅमेरा ते सगळं, एकदम झकास क्लिअर, महिनोन् महिने वर पाठवत होता. पाठवायची वाट मुळात अरुंद, ती लुंगीने अडवलेली, आणि मागे माझी गोळी ताटकळत. पावसात कपडे घरात वाळायचे, म्हणून नेट बरं.

बायको खुर्चीवर बसून हसली. पाणी पिऊन आली आणि पुन्हा हसली. मग तिने आईला फोन लावला. "काय गो, खरं सांगतेस?" एवढं मला लांबूनही ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारखान्यातल्या प्रत्येकाला माझ्या लुंगीचा रंग माहीत होता.

मी कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं आणि चित्रीकरण बाहेर न पाठवता आतल्या कार्डावरच ठेवायला लावलं. मग पुलाजवळ केबलवाल्याच्या दुकानात गेलो. खालमानेने सगळं सांगितलं, गटाराबद्दल बोललो तेही मागे घेतलं. "दादा, लुंगी?" एवढंच त्याने विचारलं आणि चहा मागवला.

त्या दिवशी चारला चौघं पुन्हा उतरलो. पिंग स्वच्छ. माझा माणूस वाऱ्यासारखा पळत होता. दोन मिनिटांत मेला.

"आता काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

नेट चांगलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही गोळी नका मारू. गाडी चालवा."

तेव्हापासून मी तिघींचा ड्रायव्हर आहे. मागच्या आठवड्यात आम्ही चक्क दुसरे आलो. पहिले आलो असतो, पण वळणावर मी खाली उतरलेल्या, आमच्यातल्याच एका रंगकामवाल्या बाईंच्या अंगावर गाडी घातली. मंगळवारपासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काही असलं तर मुलीकरवी कळवतात.