दसऱ्याचं ऑइल

नत्थुजी मिस्त्रीचा जीव जळत होता, आणि जाळणारा रस्त्यापलीकडेच बसला होता. अकोल्याहून आलेल्या परवेजनं अमरावतीच्या वलगाव रोडवर नत्थुजीच्या गॅरेजच्या नेमकं सामोर दुकान थाटलं, आणि सहा महिन्यांत तिकडे ट्रकांची रांग! नत्थुजीला जेवण गोड लागेना. "माह्याच हाताले मेहंदी लागली का वं?" असं तो बायकोला, सुभद्राला, रोज विचारी. ती बिचारी गरम भाकर वाढायची.

तीस वर्षांचा त्याचा नेम होता. मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं ऑइल दसऱ्याला बदलायचं, गाडीला हार घालायचा, मग वर्षभर तिकडे पाहायचं नाही. आणि हा परवेज कुंदनच्या टिप्परखाली वाकून म्हणतो काय, "भाऊ, खाणीतली खडी ओढणाऱ्या गाडीले कायचा दसरा? काम पाहून ऑइल बदला. तुमचं आताच बदलाले झालं." भर फाल्गुनात!

कुंदन नत्थुजीचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, मोठ्यांतलं तेवढंच उरलेलं. तो विचारायला आला.

"लुटून राहिला तो तुले," नत्थुजी कडाडला. "थांब, दाखवतोच."

तो टिप्परखाली सरकला. मागच्या चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याचा बाजूचा नट काढून त्यानं आत बोट घातलं. ऑइल काळंकुट्ट, जळका वास. अंगठ्यानं चोळलं तर कचकच लागली. लोखंडाचा चुरा! आतल्या गिअरचे दात झिजून राहिले होते.

मेला परवेज बरोबर निघाला होता.

खाली पाहणारं कोणी नव्हतं. बोट पँटीला पुसलं की काम फत्ते, गिऱ्हाईकही राहिलं आणि नावही. त्यानं बोट पँटीपर्यंत नेलंही. पण भरल्या गाडीत, उतारावर, आतलं जाम झालं तर? स्टिअरिंगवर कुंदनच असतो.

"काय म्हणते ऑइल, काका?" कुंदननं बाहेरून विचारलं.

नत्थुजी बाहेर आला आणि बोट त्याच्या नाकाशी नेलं. "घे, हुंग. आजच बदलावं लागते."

"म्हणजे परवेजभाई खरं बोलले?"

"हो, बोलला खरं! आता काय डफडं वाजवू?"

ऑइल नत्थुजीनंच बदललं, दात-ओठ खात, पण चोख.

"काका, तुमच्यावानी सच्चा माणूस नाही," म्हणत कुंदननं टिप्पर काढला, आणि पुढचं ऑइल कधी बदलायचं ते विचारायला सरळ परवेजच्या दारात नेऊन उभा केला.