तिसरा प्लग

बाबाराव माझे भाटवे, म्हणजे माझ्या बहिणीचे, कांताताईचे यजमान. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते आणि त्या तीस वर्षांत त्यांना एकच गोष्ट पक्की कळली: झोपलेला प्रवासी झोपलेला नसतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला माप ओतताना ते वाकून बघतात. गॅसची टाकी आली की आधी काट्यावर चढते. त्यांच्याकडे जेवून उठलो की मला उगाच वाटतं, पोळ्या मोजल्या असतील.

माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या आजारपणात पंधरा दिवस दवाखान्यात बसून राहिले. फक्त सिस्टर सलाइन बदलायला आली की बाटलीवरची तारीख स्वतः वाचल्याशिवाय तिला पुढे येऊ देत नसत. तिनं शेवटी मला विचारलं, हे पोलिसात होते का म्हणून.

नेरच्या डेपोत त्यांचा एकच मित्र होता, बाबुलाल राठोड, मेकॅनिक. वीस वर्षं दोघांनी दुपारचा डबा एकत्र खाल्ला. निवृत्तीनंतर बाबुलालनं घरासमोर टिनाचं शेड टाकलं आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करू लागला. बाबारावांची जुनी पांढरी गाडीही तिथेच जायची. दीड वर्षापूर्वी मात्र एका प्लगवरून सगळं फिसकटलं.

झालं असं. गाडीचे तिन्ही स्पार्क प्लग बदलायचे होते. बाबारावांनी नवे प्लग स्वतः आणून दिले आणि बाबुलाल ते बसवू लागला. मध्ये फोन आला म्हणून बाबाराव दोन मिनिटं रस्त्यावर गेले. परत येतात तर बाबुलाल म्हणाला, "बाबाराव, हा तिसरा जड जाऊन राह्यला. आटे बरोबर नाई याचे. दुसरा आन."

नव्या कोऱ्या प्लगचे आटे खराब कसे असतील? बाबारावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यानं नवा खिशात घातला, जुनाच एक पुढे केला, आणि आता वर आणखी एक नवा मागून राह्यला. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. "बसव तसाच, जोर लावून," एवढंच म्हणाले. बाबुलालनं नाइलाजानं बसवला. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या उकंडा चहावाल्याच्या टपरीवर, डेपोची सगळी जुनी मंडळी बसली असताना, बाबारावांनी जाहीर केलं की बाबुलाल माल बदलतो.

नेर काही फार मोठं गाव नाही. चार दिवसांत गोष्ट शेडपर्यंत पोचली. बाबुलाल भांडायला आला नाही, त्यानं फक्त बाबारावांकडे येणं बंद केलं. हळूहळू लोकही शेडकडे जायचे बंद झाले. कोणी गाडी नेलीच तर शेजारी खुर्ची टाकून पहारा देत बसायचं. ज्या माणसानं आयुष्यात डेपोतला साधा एक नट घरी नेला नाही, त्याच्या हाताकडे लोक टक लावून बघायचे. मला याचा राग आला होता आणि मी तो बोलूनही दाखवला होता. बाबाराव भाऊजी म्हणाले, "तुले दुनिया समजत नाई, संघदीप."

त्यानंतर गाडीची देखभाल घरीच सुरू झाली. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि अंगणात बोनेट उघडायचं. अशाच एका रविवारी गाडी झटके देत मिसिंग मारायला लागली म्हणून मला मदतीला बोलावलं. प्लग काढून साफ करायचे होते. पण भाऊजींच्या चेहऱ्यावर साफसफाईपेक्षा धाड टाकण्याचा उत्साह जास्त दिसत होता.

"तुले एक गोष्ट सांगतो, कोनाले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "प्लग देल्ले ना बाबुलालले, त्याच्या आधी म्या तिन्हींच्या आट्यावर कानशीनं खाच मारून ठेवली होती. आज पितळ उघडं पडते पाह्य."

पहिला प्लग सहज निघाला. आट्यावर बारीकशी खाच. दुसरा निघाला, त्यावरही खाच. मी म्हटलं, "भाऊजी, हे तं तुमचेच हायेत."

"असनारच," ते म्हणाले. "दोन बरोबर ठेवले म्हनजे तिसऱ्यावर कोनाले शक येत नाई. बस तपासाले साहेब चढला की पयल्या दोन सीटवाल्यायजवळ तिकीट असतेच."

आणि तिसरा हलेना. पान्हा लावला, पान्ह्याला पाइप लावला, मी पाय टेकवून ओढलं. प्लग जागचा हलला नाही. भाऊजी आणखी जोर लावणार तेवढ्यात कांताताई बाहेर आली. "तुटला आत तं गाडी भंगारात जाईन," ती म्हणाली. "संघदीप, जाय, बाबुलालभाऊले घेऊन ये."

"त्याले? तो पुरावाच गायब करन."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी निघालो.

बाबुलाल शेडमध्ये एकटाच बसला होता. येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तिसरा प्लग म्हटल्यावर तो उठला. अंगणात येऊन त्यानं भाऊजींना सांगितलं, "मी हात लावतो. पन तू इथंच उभा राहजो. दोन मिनिटंही कुठं जाऊ नको."

मग त्यानं आधीचे दोन्ही प्लग परत बसवले आणि गाडी सुरू करून थोडी कोमट होऊ दिली. बंद करून तिसऱ्याच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि ओट्यावर जाऊन बसला. अर्धा तास तेल मुरत राहिलं. ताईनं चहा आणला. बाबुलालनं घेतला. भाऊजी उभेच, नजर प्लगवर.

मग बाबुलालनं पान्हा लावला आणि सोडवायच्या ऐवजी आधी किंचित आवळला. भाऊजी लगेच पुढे सरकले. "उलटा काहून फिरवून राह्यला?"

"घट्ट धरलेलं असं सुटत नाई," बाबुलाल म्हणाला. "त्याले मांगं-पुढं करा लागते."

थोडा आवळ, थोडा सोड, परत तेल. कितीतरी वेळानं करकर आवाज करत प्लग बाहेर आला. बाबुलालनं तो फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला. आट्यावर खाच होती. बाकी दोघांपेक्षा खोल, आणि तिच्या काठावर धातूचा एक बारीक काटा उभा राहिलेला. तो काटाच इंजिनाच्या हेडच्या आट्यात रुतून बसला होता.

"हे कोनं घासलं?" बाबुलालनं विचारलं.

भाऊजी खोटं बोलतील असं मला एक क्षण वाटलं. कंपनीनंच तसा दिला म्हणाले असते तर विषय मिटला असता. त्यांनी प्लग हातात घेतला, काट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्या."

"कायले?"

"तू बदलतो का काय, ते पाहाले."

बाबुलालनं फडक्याला हात पुसले. "मी त्या दिवशी तुले हेच सांगून राह्यलो होतो, आटे बरोबर नाई म्हनून."

"चुकलं माह्यं, बाबुलाल."

"मले नको सांगू," तो म्हणाला. "मले माहीतच हाये मी काय हाये ते. जिथं बोलला, तिथं सांग." आणि ताईला "येतो वहिनी" म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर गेले. मी सोबत होतो. एवढा घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सगळे जमल्यावर त्यांनी उभं राहून सांगितलं, खाच मी मारली, प्लग त्यानं बदलला नाही, मी खोटा आळ घेतला. पुरावा म्हणून प्लग बाकड्यावर ठेवला.

उकंडा चहा गाळता गाळता हसला. "काय भाऊ, बाबुलालनं गाडी फुकटात करून देल्ली वाट्टे."

"तसं नाई. हे पाहा ना, खाच हाये."

धावजी, भाऊजींच्याच बसवरचा जुना ड्रायव्हर, त्यानं प्लग उचलून डोळ्याजवळ नेला आणि परत ठेवला. "खाच काय, कालही मारता येते," तो म्हणाला.

भाऊजींनी प्लग उचलून खिशात ठेवला. आम्ही घरी निघालो. शेडवरून जाताना त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "धावजीच्या जागी मीही असंच म्हनलो असतो रे."

याला आता महिना झाला. भाऊजी रोज सकाळी टपरीवर जातात आणि एकेकाला गाठून पहिल्यापासून सगळं सांगतात. लोक ऐकतात, चहा पितात, निघून जातात. बाबुलालच्या शेडसमोर मला अजून एकही गाडी दिसलेली नाही. चिडायचं होतं तेवढं मी चिडून घेतलं. आता भाऊजींकडे बघितलं की नुसतं वाईट वाटतं.

काल ताईनं विचारलं, "मानलं का आज कोनं?"

"एकानं मान हलवली," भाऊजी म्हणाले. मग चप्पल काढता काढता थांबले. "पन मले वाट्टे, मी त्याले सोडावं म्हनून हलवली त्यानं."